बिडीची सुट्टी

कापूस फुटला की मला बिडीचा वास येतो. माझ्या वाशीमच्या घरात कोणी ओढत नाही, शेजारीपाजारीही नाही. पण दिवाळी उलटून गेली, कारंज्याकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी रानं सुरू झाली, की तो वास कुठूनसा येऊन नाकात बसतो. दवानं भिजलेला पाला, बाबांच्या सदऱ्याचा घाम आणि जळकं तेंदूपान, असा सगळ्यांचा मिळून एक वास. यंदाही तसंच झालं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं खिशातून बंडल काढलं, कंडक्टरनं त्याला दटावलं. त्यानं ते मुकाट्यानं परत ठेवलं, पण हात मात्र खिशावरच ठेवून बसला. मी त्या हाताकडे बघत राहिले आणि माझं उतरायचं ठिकाण मागे गेलं.

मला आठवतो तो पंचाहत्तर सालचा हंगाम. दुष्काळाची वर्षं मागे पडली होती आणि कापूस मनासारखा फुटला होता. आमचं गाव धनज, तेव्हा अकोला जिल्ह्यात. माझा जन्म छप्पनचा. त्याच वर्षी आमच्या घरानं धम्म घेतला, म्हणून बाबा मला कौतुकानं आमच्या धर्माची जुळी बहीण म्हणायचे. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. पुढच्या जूनमध्ये मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागेल अशी आशा होती. तोवर माय, बाबा आणि मी आमचं तीन एकर उरकून दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायचो.

त्या रानांत घड्याळ नव्हतं, बिडी होती. अमुक वावर किती लांब, तर दोन बिड्यांवर. भाकर खाऊन किती वेळ झाला, तर एक बिडी. आणि कामातून थोडं टेकायचं झालं तर कोणी ‘आराम करू’ म्हणत नसे, तसं म्हणणं कामचुकारपणाचं वाटे. ‘बिडी होऊ द्या’ म्हणत. एवढं म्हटलं की मुकादमही काही बोलायचा नाही. गडी माणसं धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत जाऊन बसायची, एकाच्या बिडीवर दुसरा पेटवायचा, आणि आम्ही बायका कापूस भरायची ओटी बांधलेल्या कमरेनं तशाच वाकून वेचत राहायचो. एकदा मी बाबांचे जिवलग सोबती देवमनकाका यांना विचारलं, “काका, बायाइची सुट्टी कवा व्हते?” ते म्हणाले, “बायाइले कुठी बिडी असते वं?” सगळे हसले, बाबाही हसले. मी चिडून परत ओळीत वाकले.

बाबांनी बिडी कधी धरली ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. माय कुरकुर करायची, तेव्हा ते म्हणायचे, “पंचशीलात दारू हाये, बिडीचं नाव नाई. दाखव मले कुठी हाये तं.” माय निरक्षर, ती काय दाखवणार? मी दाखवू शकले असते असंही नाही. नाव खरंच नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाबा चालताना थांबायला लागले. वावराकडे जाताना पन्नास पावलं झाली की उभे राहायचे आणि कोणाच्या तरी पिकाकडे बघत, “पऱ्हाटी बरी हाये यंदा,” असं काहीतरी म्हणायचे. आम्हाला वाटायचं, माणूस पिकाला भुललाय. पोटऱ्यांत गोळे येत होते ते त्यांनी सांगितलंच नाही. मग डाव्या पायाची करंगळी निळी पडली. कडुनिंबाचा पाला झाला, हळद झाली, कोणी सांगितलं म्हणून जळवाही लावून झाल्या. दसऱ्यापर्यंत करंगळी काळी पडली आणि बाबा बसल्या जागी दातावर दात धरून पाय खाली सोडून बसू लागले. तेव्हा कुठे माय उठली आणि देवमनकाकांची बैलगाडी मागून आम्ही त्यांना कारंज्याला नेलं.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी पाय पाहिला, मांडीतली आणि घोट्याची नस चाचपली आणि मग बाबांची बोटं हातात घेऊन त्यांचा पिवळेपणा पाहिला.

“किती ओढतोस?”

“दोन बंडल, साहेब.”

“कधीपासून?”

“दुधाचे दात पडले तवापासून असन.”

“संपत, बिडी पाहिजे की पाय पाहिजे?”

बाबांचा स्वभाव थट्टेचा. ते म्हणाले, “दोन्ही पाह्यजेत, साहेब.” डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “बिडीनं रक्ताच्या नळ्या बंद होत चालल्यात. करंगळी गेल्यात जमा आहे. आज बिडी सुटली तर पाय राहील. नाही सुटली तर आधी घोट्यातून कापावा लागेल, मग गुडघ्यातून. आणि कमी करतो असं म्हणू नकोस. कमी करणारा रोज सोडतो आणि रोज धरतो. त्यापेक्षा एकदाच सोड.”

माय पदर तोंडाशी धरून उभी होती. डॉक्टर तिच्याकडे आणि माझ्याकडे वळले. “मीही सिगारेट ओढायचो. तलफ आली की वाटतं जीव जाईल. जीव जात नाही, थोड्या वेळानं तलफच जाते. तेवढा वेळ काढायचा. घरात बंडल ठेवू नका. चार माणसांत सांगून टाका, म्हणजे मागं फिरायला लाज वाटेल. तोंडाला काही चघळायला द्या, हाताला काही काम द्या. पहिले पंधरा दिवस हा माणूस तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या.” एवढंच. मलमाची डबी आणि गोळ्या दिल्या, पण औषध हेच होतं.

गाडीतून परत येताना बाबांनी वाटेत, ओढ्यापाशी, खिशातलं बंडल काढून पाण्यात टाकलं. मला वाटलं, सुटली. आता आठवलं की माझंच हसू येतं. पाण्यात टाकायला काय लागतं? खरी बिडी तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही हे आमच्या गावातल्या प्रत्येक गड्याचं ठाम मत. बाबा लोटा घेऊन गेले आणि तसेच परत आले, असं तीनदा झालं. चौथ्यांदा मायनं त्यांच्या हाती कोमट पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, “हे प्या आन् हिंडा वसरीत. बिडी काय जुलाबाची गोयी हाये?” पाचव्या दिवशी जमलं. ही गोष्ट मोठी मानू नका असं कोणी म्हणेल, पण आमच्या घरात त्या दिवशी सण असल्यासारखा आनंद झाला.

पण सगळ्यात अवघड निघालं ते वावर. वेचणी करता करता “बिडी होऊ द्या” अशी हाक आली की गडी धुऱ्याकडे निघायचे आणि बाबा ओळीत उभेच राहायचे. जावं तर तिथं धूर, न जावं तर बसायला निमित्त नाही. बिडी न ओढणारा गडी बसला तर तो आळशी. दुखऱ्या पायावर ते दोन दिवस तसेच, न टेकता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेचत राहिले. आमच्या रानातली ही चूक कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. बिडी सोडताना त्यांनी विसावाही सोडून दिला होता. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मायनं ओटी सोडली, कापूस गंजीवर टाकला आणि त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, “अवो, बिडी सोडा म्हनलं व्हतं. बसनं सोडा असं कोनं म्हनलं?”

तिनं बाबांना दुसऱ्या धुऱ्यावर, धुरापासून लांब, नेऊन बसवलं. पदराच्या गाठीतले फुटाणे काढले. मीही जाऊन बसले. आम्ही बसलो म्हणून शेजारच्या ओळीतली एक म्हातारी बसली, मग तिची सून, मग आणखी दोघी. मुकादम लांबून ओरडला, “बाया काहून बसल्या वं?” माय तोंडात फुटाणा टाकत म्हणाली, “बिडी पिऊन राह्यलो आमी.” त्या हंगामात धनजच्या वावरांत बायकांना पहिल्यांदा बिडीची सुट्टी मिळाली, ती एका माणसानं बिडी सोडल्यामुळे.

पुढं मी तीस वर्षं शाळांतून शिकवलं. कितीतरी मास्तर बिडी-सिगारेट सोडण्याच्या गोष्टी करायचे, एक जानेवारीला सोडायचे आणि संक्रांतीला धरायचे. मी त्यांना मायच्या युक्त्या सांगायची. डॉक्टर म्हणाले होते, थोडा वेळ काढा. पण किती वेळ, ते बाबांना कळेना. मायनं त्यावर बोंडं मोजायला लावली. तलफ आली की शंभर बोंडं वेचायची आणि मग ठरवायचं. शंभर होईपर्यंत ती ओसरलेली असायची. नसली तर आणखी शंभर. घरी आल्यावर हातांना अंबाडी. बाबांनी त्या हंगामात इतके दोर वळले की गोठ्यातल्या बैलांना पुरून शेजाऱ्यांना वाटले. जेवण झालं की लगेच ताटावरून उठायचं, रोजच्या जागी टेकायचंच नाही. घरातली काडेपेटी माय कमरेला खोचून हिंडायची. चूल पेटवताना बाबांना बाहेर पाठवायची. हे ऐकून मास्तर हसायचे. त्यातल्या एकानंच खरोखर बोंडांऐवजी वहीतले शब्द मोजून सिगारेट सोडली आणि अजून सोडलेलीच आहे.

बाबांच्या हातून एकदा चूक झाली. बारावा-तेरावा दिवस असेल. मला तुरीच्या ओळीतून धूर वर येताना दिसला. जाऊन पाहते तर बाबा उकिडवे बसलेले, बिडी मुठीत लपवलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आजही सोसत नाही. मी मात्र ओरडले, “कापून घ्या मंग पाय! मी नाई उचलनार तुमाले!” साऱ्या वावराला ऐकू गेलं असेल. आजारी बापाशी पोरीनं बोलायची ही रीत नव्हे. पण मला भीती वाटत होती आणि माझी भीती नेहमी रागाच्या तोंडानं बाहेर पडते.

माय आली. तिनं मला गप्प केलं आणि बाबांना शांतपणे म्हणाली, “वढून झाली ना? इझवा आता. येक झाली, दुसरी होऊ देऊ नका.” मग, घरात उंदीर कुठून शिरला ते बघावं तशी, ती एकेक विचारत बसली. कोनं देल्ली? कवा? त्याच्या आंधी काय केलं व्हतं? निघालं ते एवढंच की देवमनकाकांकडे चहा झाला होता आणि चहामागून हात आपोआप पुढे गेला होता. दुसऱ्या दिवसापासून काकांकडचा चहा बंद. देवमनकाकांना इतकं लागलं की त्यानंतर ते आमच्याकडे पाठ करून ओढू लागले. बाबा जवळून गेले तर विझवून टाकायचे. बिडी सोडणाऱ्याला सोबती सोडावे लागतात असं म्हणतात, पण बाबांचा सोबती राहिला.

दीड महिना गेला. करंगळी वाळत चालली होती आणि वरचा पाय मात्र तांबूस, कोमट राहिला होता. डॉक्टर म्हणाले, असंच राहू दे, एकही नको. त्यानंतर तिसऱ्या वेचणीला आम्ही आबासाहेबांच्या वावरात गेलो.

आबासाहेब गावातले मोठे जमीनदार. माणूस वाईट नव्हता. शिव्या देत नसत आणि मजुरांची विचारपूस करत. वावरात आले की गड्यांना बिड्या वाटत. बाकीच्यांना हातात देत, आमच्या वस्तीतल्या गड्यांपुढे वरून टाकत. बाबा लहानपणापासून ती टाकलेली बिडी मातीतून उचलत आले होते. धम्म घेतल्यावर त्यांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, देव सोडले, पण ती बिडी उचलणं सुटलं नव्हतं. फुकटची बिडी कोण सोडतं, असं ते म्हणत.

त्या दिवशी काय झालं कोण जाणे. आबासाहेबांचं वय झालं होतं, त्याच वर्षी त्यांची बायको गेली होती. आबासाहेब आमच्या धुऱ्यावर आले, बाबांच्या अगदी समोर उभे राहिले आणि बिडी हातानं पुढे केली. दुसऱ्या हातात त्यांची स्वतःची पेटलेली होती, तीही पुढे केली, तिच्यावर पेटवून घ्यायला. “घे, संपत.”

सगळं वावर थांबलं. देवमनकाका उठून उभे राहिले. त्या बिडीचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. मी बाबांचा हात पाहिला. तो मांडीवरून उचलला गेला आणि परत मांडीवर आला. माझ्या मनात आलं, ओढा बाबा. एक पाय जाऊ द्या, पण ही घ्या. असं माझ्या मनात आलं हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

“नाई, आबासाहेब,” बाबा म्हणाले.

“काहून? मी हातानं देऊन राह्यलो आन् तू नाई म्हनतं? आता तुमालेच आमची चालत नाई काय?”

आबासाहेबांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावल्यासारखा होता. बाबांनी पायाची पट्टी सोडली आणि काळी करंगळी त्यांना दाखवली. “डाक्टरनं बंद केली. येक बी जमत नाई. तुमच्या मनात द्याचंच हाये, तं पानी द्या.”

बाभळीखाली आबासाहेबांचं मडकं होतं, त्यावर पितळी गिलास पालथा घातलेला, शेजारी लोटा. ते पाणी आमच्यापैकी कोणी कधी प्यालं नव्हतं. आबासाहेब क्षणभर घुटमळले. मग स्वतः गेले, गड्याला सांगितलं नाही. लोटा भरून आणला आणि बाबांपुढे उभं राहून त्यांनी तो वर उचलला.

आणि बाबांचे हात उठले. दोन्ही तळवे जुळले, ओंजळ झाली, मान खाली गेली. पाण्याची पहिली धार ओंजळीत पडली आणि बाबांना एकदम दिसलं, आपण काय करतो आहोत ते. त्यांनी हात बाजूला केले. पाणी काळ्या मातीत पडलं आणि मुरलं. आबासाहेब लोटा तसाच तिरपा धरून उभे होते. त्यांचा हातही सवयीनंच वर गेला असेल. त्यांना ते कळलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. बाबा उठले, लंगडत आमच्या मडक्याकडे गेले आणि तिथलं पाणी प्याले. आबासाहेबांनी लोटा मडक्यावर ठेवला आणि ते गाडीत बसून निघून गेले.

त्या दिवशी बाबा ओढणार अशी माझी खात्री होती. दुपारभर मी त्यांच्या शेजारची ओळ सोडली नाही. ते बोंडं मोजत होते का, तेही कळेना. ओठ हलत नव्हते. संध्याकाळी अंगणात ते पाय कोमट पाण्यात सोडून बसले, माय भाकरी थापत होती, तेव्हा मला राहवलं नाही.

“बाबा, तवा तलफ आली व्हती काय?”

“बिडीची नाई आली.”

“मंग?”

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. “हे पाह्य ना. म्या नाई उचलले. आपसूक उठले.” थोडा वेळ ते तळव्यांकडेच बघत राहिले. “बिडी म्या धरली व्हती पोरी, म्या सोडली. हे मले बापानं धरवलं, त्याले त्याच्या बापानं. हे सुटाले टाइम लागन.”

होळीच्या आधी करंगळी गळून पडली. उन्हाळ्यात जखम भरली आणि जूनमध्ये बाबा नऊ बोटांच्या पायांनी मला ट्रेनिंगच्या गाडीपर्यंत पोचवायला आले. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ते त्याच दोन पायांवर चालले. बिडी परत धरली नाही. लग्नकार्यात पानाचं तबक फिरायचं तेव्हा ते सुपारी उचलायचे आणि बिडी पुढे सरकवायचे, इतक्या सहज की नव्या माणसाला वाटावं, यांनी कधी ओढलीच नसेल.

शेवटच्या दुखण्यात त्यांना मी वाशीमला दवाखान्यात ठेवलं होतं. तापात शुद्ध येत-जात होती. तिथल्या नर्सबाई सांगायच्या, जुने ओढणारे ग्लानीत बोटं ओठाशी नेतात, खिसा चाचपतात. मी तीन दिवस बाबांच्या हातांवर नजर ठेवून होते. ते एकदाही खिशाकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाणी मागितलं. मी गिलास भरून त्यांच्यापाशी गेले. त्यांनी डोळे न उघडता दोन्ही हात उचलले, तळवे जुळवले, हनुवटीखाली ओंजळ धरली आणि वरून पडणाऱ्या पाण्याची वाट पाहत राहिले. मी त्यांची मुलगी होते. मी ते हात खाली घेतले, माझ्या एका हातात दोन्ही घट्ट धरून ठेवले आणि गिलास त्यांच्या ओठांना लावला.